सभ्य गृहस्थाची स्वाक्षरी : फ्रान्झ गुर्टनर

१/ नाझी राजवटीच्या इतिहासात एक बचाव वारंवार भेटतो : ‘अमुक मंत्री मुळात नाझी नव्हता, कायदेनिष्ठ, सभ्य गृहस्थ होता, अधिक वाईट घडू नये म्हणून पदावर राहिला.’ विधिज्ञ फ्रान्झ गुर्टनरविषयी हे हमखास म्हटले जाते. मित्रहो, हा बचाव पुराव्यापुढे टिकत नाही.

२/ जन्म १८८१, रेगेन्सबुर्ग. वडील रेल्वे इंजिनचालक. म्युनिकमध्ये कायद्याचे शिक्षण, महायुद्धात लष्करी सेवा, १९२२ मध्ये बव्हेरियाचा न्यायमंत्री. राजकारण रूढिप्रिय राष्ट्रवादी, नाझी नव्हे. इथवर बचाव खरा आहे.

३/ नोव्हेंबर १९२३ : म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव, चार पोलीस ठार. राष्ट्रद्रोहाचा हा खटला लाइपझिगला चालायला हवा होता. बव्हेरियाने तो आपल्याच न्यायालयात ठेवला. शिक्षा पाच वर्षांची. पण २० डिसेंबर १९२४ रोजी, निकालानंतर नऊ महिन्यांच्या आत हिटलर बाहेर. या साऱ्या काळात राज्याचा न्यायमंत्री गुर्टनरच होता.

४/ जून १९३२ मध्ये पापेनने त्याला केंद्रीय न्यायमंत्री केले. पापेन गेला, श्लायशर आला; श्लायशर गेला, हिटलर आला. गुर्टनरची खुर्ची हलली नाही. ३० जून १९३४ पासून विनाखटला हत्यासत्र चालले. त्यात माजी चॅन्सेलर श्लायशर आणि त्याची पत्नी मारली गेली. १९२३ चा उठाव हाणून पाडणारा काहरही मारला गेला. ३ जुलैला एका वाक्याचा कायदा निघाला : ही कृत्ये राज्याचे स्वसंरक्षण म्हणून कायदेशीर. खाली स्वाक्षऱ्या तीन : हिटलर, फ्रिक, गुर्टनर. ज्याच्या मंत्रिमंडळात बसलो, त्याचाच खून त्याने कायदेशीर ठरवला!

५/ ‘पण त्याने विरोधही केला!’ केला. होनश्टाइन छळछावणीतील अत्याचारांबद्दल त्याच्या खात्याने खटला चालवला. आरोपी दोषी ठरले. हिटलरने त्यांना माफी दिली. गुर्टनरने काय केले? तो पदावर राहिला. सप्टेंबर १९३५ मध्ये ज्यू आणि इतर जर्मन यांच्या विवाहावर बंदी घालणाऱ्या न्यूर्नबर्ग कायद्यावर पुन्हा त्याची स्वाक्षरी आहे.

६/ ‘दुसरा मार्गच नव्हता!’ होता. १९४० मध्ये ब्रांडेनबुर्गचा न्यायाधीश लोथार क्राइसिग याने मनोरुग्णांच्या गुप्त हत्यांविरुद्ध थेट गुर्टनरकडे तक्रार केली. गुर्टनरने हिटलरचे अधिकारपत्र पुढे केले. अशा पत्राने खून कायदेशीर होत नाही, हे क्राइसिगने ठणकावले. त्याला न्यायासन सोडावे लागले. पण तो शेतीकडे वळला आणि १९८६ पर्यंत जगला. नकाराची किंमत नोकरी होती, प्राण नव्हे. गुर्टनर मात्र जानेवारी १९४१ मध्ये मंत्री म्हणूनच मेला.

७/ हिटलरपाशी मारेकऱ्यांची वानवा नव्हती. वानवा होती ती हत्येला कायद्याचा पोशाख चढवणाऱ्या प्रतिष्ठित माणसांची. गुर्टनरच्या सभ्यतेने राजवटीला लगाम घातला नाही. तिला अब्रू मिळवून दिली. म्हणून अशा मंत्र्याचे चरित्र वाचताना तो मनातून अस्वस्थ होता का, हे नंतर विचारा. राजपत्रात कशाखाली त्याचे नाव छापले आहे, ते आधी पाहा.