कच्चं चालतं, शिजलेलं बाटतं

दोस्तहो, चार महिने झाले मी कच्चं खातोय. हसा. हसून घ्या एकदाचे, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

कच्चं म्हणजे कच्चंच. गाजर, काकडी, मुळा, मोड आलेली मटकी, भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, केळी, पेरू. विस्तव लागलेलं काही नाही. सत्ताविसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली. रात्रपाळी, वडापाव, कटिंगवर कटिंग, दुसरं काय निघणार? डॉक्टरने गोळी दिली ती चालूच आहे. वर एका मित्राने निसर्गोपचारवाल्याकडे नेलं, त्याने हे लावून दिलं. साखर उतरलीय. खोटं कशाला बोलू. गोळीने उतरली की गाजराने, ते डॉक्टर आणि गाजर बघून घेतील.

पण घरातलं खाणं वेगळं आणि बाहेरचं वेगळं. आपला दिवस रस्त्यावर जातो. मीटिंग हॉटेलात, भांडण हॉटेलात, कविता हॉटेलात. इराण्याने कधी जात विचारली नाही, त्याचं देणं मी मानतो. पण इराण्याकडे कच्चं काय मिळणार? ब्रून भाजलेला, खिमा शिजलेला, अंडं उकडलेलं. मी चिरलेला कांदा मागवला, त्यावर लिंबू पिळलं. पोरं खिमा चापत होती. एकजण म्हणाला, "काय रे, बामण झालास का? परवापर्यंत वजडी ओरपत होतास!" सगळे हसले. मी पण हसलो. कांदा झोंबला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं म्हणूया.

त्या हसण्याला आज उत्तर देतोय. पण आधी दुसऱ्या बाजूच्यांचा हिशेब, कारण त्यांची थकबाकी जुनी आहे.

निसर्गोपचारवाल्याच्या शिबिरात गेलो होतो. सतरंजीवर बसलेले सगळे गाडीतून आलेले. व्याख्याता गोड आवाजात सांगत होता : कच्चं अन्न जिवंत, शिजवलेलं अन्न मेलेलं. मृत अन्न खाणाऱ्याची बुद्धी मृत होते, वृत्ती तामसी होते. माना हलत होत्या. माझी हलली नाही. मेलेलं खाणाऱ्याची वृत्ती, हे शब्द मी कुठे ऐकले होते? माझ्या आज्याने ऐकले होते. मेलेलं ढोर ओढायला गावाने लावायचं, दुसरं काही खायला ठेवायचं नाही, आणि मग मेलेलं खातात म्हणून वेशीबाहेर ठेवायचं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मढं खाऊ नका, फेकलेले तुकडे उचलू नका. ते माणसाच्या इज्जतीसाठी सांगितलं. ह्या सतरंजीवरच्यांसाठी आता अख्खा शिजलेला जगच मढं झालाय. आईची भाकरी मढं, आमटी मढं. च्यायला, म्हणजे आम्ही ढोर सोडून भाकरीवर आलो तेवढ्यात ह्यांनी भाकरीच वेशीबाहेर काढली.

ह्या थोर प्रयोगाचा इतिहासही ऐका. गांधींनी १९२९ साली साबरमतीला न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, स्वतःवर आणि आश्रमातल्या मंडळींवर. तब्येत ढासळली तेव्हा सोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात पर्वतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर आपली माणसं सत्याग्रहाला उभी होती आणि दगड खात होती. कुणी गहू भिजवून खाल्ला, कुणी दगड खाल्ले, दोन्ही न शिजवलेलेच.

आता हॉटेलं. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे कुणाला अडवता येणार नाही असं लिहून ठेवलंय. १९५५ साली अस्पृश्यतेचा कायदा झाला, १९७६ साली त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. म्हणजे मी दारातून आत जाऊ शकतो. गेलो. खुर्चीवर बसलो. स्टीलचा पेला आला. बापाच्या वेळेस तालुक्याच्या स्टँडवर कान तुटलेली कपबशी बाहेरच्या खुंटीवर वेगळी टांगलेली असायची, पिऊन झाल्यावर आपणच विसळून ठेवायची. माझ्यापुढे तसं काही नाही. मी गिऱ्हाईक, पैसे टाकणार.

"नुसतं सॅलड नाही मिळत, थाळी घ्या."

"थाळी नको. काकडी, गाजर, टोमॅटो चिरून द्या. मोड आलेले मूग असतील तर वाटीभर, न उकडता."

"हे हॉटेल आहे, भाजी मार्केट नाही."

असं एकीकडे. दुसरीकडे ग्रीन सॅलडच्या नावाखाली आठ चकत्या, वर वाळलेली लिंबाची फोड, बिल एकशे साठ. त्यातलं बीट उकडलेलं निघालं. तिसरीकडे मालकाला वाटलं माझा उपास आहे, म्हणून तो साबुदाणा खिचडीचा आग्रह करत बसला. ह्या मुंबईत कच्चं खाणाऱ्याचं खरं हॉटेल स्टेशनबाहेर आहे : काकडीला चार चिरा देऊन तिखटमीठ भरणारा टोपलीवाला, उसाचा चरक, शहाळंवाला, नीरेचा स्टॉल. पण पावसाळ्यात, मीटिंग असली की, माणसाला बसायला छप्पर लागतं.

तसंच एका छपराखाली मला ही गोष्ट सापडली, जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप. दारावर मोठ्या हिरव्या अक्षरांत पाटी, शुद्ध शाकाहारी. (शुद्ध म्हणजे काय हो? साधं शाकाहारी लिहिलं तर पालक बाटतो?) तिथे सॅलड मागवलं. भरपूर आलं, छान आलं, गाजराच्या लांब काड्या, मुळ्याचा पाला बारीक चिरून, कोथिंबीर. दोन-तीनदा गेलो. मग एकदा हात धुवायला मागे गेलो तर मोरीपाशी एक पोऱ्या पाटावर बसून सुरीने भराभर काकड्या सोलत होता. वीसबावीस वर्षांचा. माझ्या गळ्यातलं लॉकेट त्याने बघितलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "जय भीम, दादा."

"जय भीम. कुठला तू?"

गाव सांगितलं मराठवाड्यातलं. इथे आडनाव वेगळं सांगितलंय. शेठला माहीत नाही, किंवा माहीत असून विचारत नाही. मी विचारलं, चिरतोस झकास, शिजवायला का नाही शिकत? तो हसला. "दादा, आत भट्टीवर महाराज असतात. आपलं काम इथवर. निवडायचं, धुवायचं, सोलायचं, चिरायचं. आत नेऊन ठेवायचं उंबऱ्यावर." भट्टी आणि मोरी ह्यांच्यात चार इंचाचा उंबरा होता. मी तो नीट बघून घेतला.

डोक्यात ठिणगी पडली ती तिथे. आजी सांगायची : ज्वारी आम्ही पेरली, आम्ही खुडली, आम्ही मळली, पोती भरून वाड्यात आम्हीच टाकली. ती नाही बाटली. त्याच ज्वारीची भाकरी आजीने थापली की बाटली. ह्याला धर्मात रीतसर नाव आहे, शिधा. न शिजवलेलं धान्य खालच्या हातून घेता येतं, कारण त्याला पाणी आणि विस्तव लागलेला नाही. उत्तरेत तर पुढची गंमत, पाण्यात शिजवलेल्याला ते कच्चं म्हणतात, तुपात तळलेल्याला पक्कं. पक्कं जरा लांबच्या जातीकडून चालतं, कच्चं नाही. शब्द उलटे, उंबरा तोच. जातीने माणसांची उतरंड लावली तशी काकडीची आणि खिचडीचीही लावली.

म्हणजे त्या शुद्ध हॉटेलात सगळे महाराजांच्या हातचं खात होते. एकटा मी आपल्या पोराच्या हातचं खात होतो. आणि ते कशामुळे, तर मी कच्चं खातो म्हणून.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भांडी घासते, एका सोसायटीत पाच घरं. चार महिने ती माझ्यावर रुसलेली. "पंगतीत माझ्या हातचं कुणी खाल्लं नाय, आता पोटचं पोर बी खाईना," असं शेजारणीला सांगायची. मला वाटायचं म्हातारीचा त्रागा. त्या रात्री ती म्हणाली, "आरं, त्यात नवं काय? ती बाई मला मेथी निवडाया देती, कांदा चिराया देती. फोडणीला मातुर म्हणती, मावशी तुम्ही व्हा बाजूला, मी देते." अकरा वर्षं ती मेथी निवडतेय. गॅसची कळ तिने त्या घरात एकदाही पिळलेली नाही. मी तिचा मुलगा, चळवळीतला, भाषणं ठोकणारा, मला हे आजवर माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

हे आपल्यापुरतंच नाही. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातल्या एका बड्या बाई पोलिसात गेल्या, कारण सोवळ्याचा स्वयंपाक करणारी बाई ब्राह्मण नाही असं त्यांना कळलं. फसवणुकीचा गुन्हा! बोंब झाली तेव्हा तक्रार मागे घेतली. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या पोरांनी दलित बाईने शिजवलेलं जेवण नाकारलं. पोरांनी! आणि २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतली वेगळी फौज जाहीर केली. दुसऱ्या दिवशी हिरवे कपडे मागे घ्यावे लागले, कारण लाल कपड्यातल्या पोराला सोसायटीचं फाटक उघडणार नाही, हे सगळ्यांना दिसलं. तंत्रज्ञान एकविसाव्या शतकातलं, उंबरा पेशवाईतला.

अमेरिकेत १९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वुलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना कॉफी दिली नाही, ते उठले नाहीत. ज्यांच्या पॅंथरवरून आपल्या पॅंथरने नाव घेतलं, त्यांच्या आधीची ही लढाई. त्या काउंटरमागे काळ्या बायका कामाला होत्या. म्हणजे गोऱ्याला काळ्या हातचं चालत होतं, शेजारी बसलेला काळा चालत नव्हता. आपल्याकडे शहरात उलटं झालंय. शेजारी बसलेले आपण चालतो, आपली नोट चालते. हात चालत नाही. कायद्याने खुर्ची दिली, चूल दिली नाही.

आता, "बामण झालास" म्हणणाऱ्या दोस्ता, तुझ्याकडे वळतो.

तुझा राग मला कळतो. २०१५ साली ह्या राज्यात बैलाचं मटण बंद झालं. गरिबाच्या ताटातला सगळ्यात स्वस्त तुकडा सरकारने उचलला. तेव्हा मी तुझ्या शेजारी घोषणा देत होतो, उद्याही देईन. पण माझ्या पोटात काय जाईल हे पाटीवाला शेठ ठरवणार नसेल, तर तूही ठरवणार नाहीस. डिक ग्रेगरीचं नाव ऐकलंयस? काळा विनोदवीर, नागरी हक्कांसाठी तुरुंगात गेलेला. शिकागोच्या अल्वेनिया फुल्टन ह्या काळ्या बाईकडून तो आहार शिकला आणि १९७० च्या दशकात कच्च्या फळभाज्यांवर त्याने पुस्तक लिहिलं. तो गोरा झाला नाही. आपल्या वस्त्या स्वस्त, तळलेलं, साखरेचं खाऊन मरतायत, असं तो म्हणत होता. चेंबूरच्या आपल्या गल्लीत चाळिशीच्या आत किती जणांना साखर आहे मोज. बोटं पुरणार नाहीत. वजडीतच क्रांती आहे असं मानणं ही पण एक पोथीच झाली.

मात्र शिबिरवाल्यासारखं मी तुला "सगळे कच्चं खा" म्हणणार नाही. मरशील. कच्चं खायला आधी पाणी लागतं. २०११ साली जर्मनीसारख्या देशात मोड आलेल्या मेथीतून जंतू गेले आणि पन्नासहून जास्त माणसं मेली. आपल्या नळाला पहाटे तासभर पाणी, तेही गटाराशेजारून आलेलं. त्या पाण्यात धुतलेला मुळा खाशील तर जुलाबाने जाशील. विस्तव ही गरिबाची पहिली लस आहे. ज्याच्याकडे चवदार पाणी आहे तो विस्तवाला मढं म्हणू शकतो. मी मटकी उकळून गार केलेल्या पाण्यात धुतो. गॅस पेटवून कच्चं खातो, आहे की नाही मजा!

त्या हॉटेलचं नाव सांग, मोर्चा काढू, असं तिघांनी म्हटलं. नाही सांगणार. मोर्चा एक तासाचा, पोऱ्याची नोकरी त्याच संध्याकाळी जाईल. काच फुटेल, उंबरा राहील. आणि शेठ उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला मोरीवर बसवेल.

कोल्हापुरात गंगाराम कांबळ्याने चहाचं हॉटेल टाकलं, तेव्हा कुणी फिरकेना. शाहू महाराज गाडी थांबवून भर रस्त्यात त्याच्या हातचा चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. राजा होता म्हणून जमलं, असं म्हणू नका. एका कपाचे पैसे आपल्याकडेही आहेत.

तर मुद्द्याचं. त्या पोऱ्याला तवा धरायचाय. रात्री खोलीवर स्टोव्हवर तो पिठलं करतो, चौघं मिटक्या मारत खातात असं सांगत होता. चेंबूर, गोवंडी, कुर्ला भागात कुणाची गाडी किंवा टपरी संध्याकाळची भाड्याने मिळत असेल तर कळवा. भांडी आई देणार आहे, एक परात आणि दोन पातेली. पहिलं गिऱ्हाईक मी. त्या दिवशी शिजलेलं खाणार, गरम, पोटभर. साखरेचं दुसऱ्या दिवशी बघू.