उत्तर कोणत्या पानावर?

‘चित्रपटास बरा किंवा वाईट ठरविण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला?’ असा प्रश्न एका वाचकभगिनीने पत्राने विचारला आहे. त्यांच्या घरी सात माणसे सात मते देतात, आणि आठवे मत आमचे छापून येते. मग खरे कोणते मानावे, अशी त्यांची पृच्छा आहे. प्रश्न रोखठोक आहे, आणि तो टाळणे आम्हांस शोभणार नाही. सुदैवाने उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. वाईतील आमच्या वाड्यात तीन पिढ्या एकाच माजघरात बसतात, आणि अभिप्राय देण्याची हौस त्यांतील एकासही कमी नाही.

सकाळचा चहा झाला की आमचे आप्पा वर्तमानपत्रातील शब्दकोडे घेऊन ओसरीवर बसतात. मराठी कोड्याची मौज इंग्रजी कोड्याहून निराळी आहे. तेथे एका चौकटीत सुटे अक्षर बसते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटीसह सबंध अक्षर एका घरात नांदते. जोडाक्षरालाही स्वतंत्र बिऱ्हाड मिळत नाही. त्यामुळे आडवा शब्द ‘माहेर’ असला, तर त्याच्या ‘मा’वरून खाली ‘मामंजी’ उतरतील. ‘मनुका’ उतरणार नाहीत. कोडे रचणाऱ्याचे निम्मे कसब या काना-मात्रांची सोयरीक जमविण्यात खर्ची पडते. आप्पा एखाद्या शब्दाशी अडले, की विश्वकोशाचा खंड मांडीवर येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली हा कोश याच गावी आकारास आला, त्यामुळे तो चाळताना आप्पांच्या चेहऱ्यावर किंचित घरमालकाचा भाव असतो.

या निरुपद्रवी खेळाला एके काळी पैशाची बाधा झाली होती, हे तरुण वाचकांस ठाऊक नसेल. मोठमोठ्या बक्षिसांच्या कोड्यांपायी संसार उघडे पडू लागले, तेव्हा १९५५ साली मध्यवर्ती कायदा झाला आणि महिन्याच्या एकूण बक्षिसांस १००० रुपयांची मर्यादा पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५७ साली न्यायालयाने भेद केला तो असा : ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते तो खेळ निराळा, आणि जेथे दैवावर भिस्त असते तो जुगार निराळा. आप्पांच्या कोड्यास आता बक्षीस नाही. म्हणूनच ते निर्भेळ सुखाचे आहे. शिवाय त्याचा न्यायही सरळ आहे. उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येते. बरोबर ते बरोबर, चूक ते चूक.

चित्रपटाचे असे नाही. आमच्या गावास चित्रपटांचे अगत्य फार. परंतु पडद्यावर वाई क्वचितच वाई म्हणून दिसते. ‘गंगाजल’मध्ये (२००३) हा मुलूख बिहार झाला, तर ‘ओंकारा’ (२००६) आणि ‘दबंग’ (२०१०) यांत उत्तर प्रदेश. येथून सुमारे ३ किलोमीटरांवर मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे, त्याखाली कृष्णेचा घाट आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’मध्ये (२००४) तोच घाट चरणपूर नावाच्या खेड्याचा झाला. तो चित्रपट प्रथम पाहताना आमच्या मातोश्री मध्येच उद्गारल्या, ‘अहो, हा तर मेणवलीचा घाट! येथे कसले आले चरणपूर?’ आणि त्यांच्यापुरता चित्रपट तेथेच संपला. त्या वेळी तिकीटखिडकीचा कौलही फारसा अनुकूल नव्हता. पुढे काळ गेला. परदेशी नोकरीस गेलेल्या आमच्या पुतण्याने तोच चित्रपट तिकडे पुन्हा पाहिला आणि रात्री उशिरा घरी दूरध्वनी केला. घाट कोणत्या प्रांतातला, हे तो बोललाच नाही. ‘आजी, तुमची प्रकृती कशी आहे?’ एवढेच विचारीत राहिला. आज तो चित्रपट उत्तमांत गणला जातो. मातोश्रींचा आक्षेप भूगोलाच्या दृष्टीने खरा होता, खिडकीचा कौलही त्या दिवसापुरता खरा होता; तथापि उत्तर लागावयास वर्षे जावी लागली. चित्रपटाचा परीक्षक या उशिराच्या उत्तराचा अंदाज तेवढा बांधू शकतो. त्याचा अधिकार इतकाच, आणि चुकण्याची शक्यताही तितकीच.

आता विनोदाकडे वळू. येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे.

दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमाची आम्ही दोन महिन्यांपूर्वी याच सदरात स्तुती केली होती. ‘सहकुटुंब पाहावा’ असे शब्द होते. गेल्या पंधरवड्यात तो आम्ही सहकुटुंब पाहिला. प्रहसन वधूपरीक्षेचे होते, आणि सारा हशा मुलीच्या सावळ्या वर्णावर बेतलेला होता. माजघर हसत होते. आम्हीही हसलो, हे नमूद करणे भाग आहे. आमची पुतणी ‘पाणी आणते’ म्हणून उठली ती परत आली नाही. तिला आठच दिवसांपूर्वी एका स्थळाकडून याच कारणास्तव नकार आला होता. मातोश्रींनी संच बंद करविला आणि म्हणाल्या, ‘हा विनोद परवा पाहुणे फुकट करून गेलेच होते, तो पुन्हा पैसे भरून घरात कशाला आणलात?’

आम्हांपाशी उत्तर नव्हते. विनोद नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने महाराष्ट्रास पिढ्यान्‌पिढ्या हसविले. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’मधून त्यास पडद्यावर आणले, पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी घराघरांत पोहोचविली. त्यातही लग्नाळू मुली आहेत, पाहुणे आहेत, फजिती आहे. परंतु आपली फजिती चिमणराव स्वतःच सांगतो. हसण्याचा पहिला मान तो स्वतःकडे घेतो, म्हणून त्याच्या घरचे कोणी पाणी आणावयास उठून जात नाही.

पत्रलेखिका भगिनींस आमचे उत्तर असे : कोड्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पानावर असते. चित्रपटाचे काळाच्या पानावर असते. विनोदाचे उत्तर मात्र ज्याच्यावर तो बेतला त्याच्या मुद्रेवर त्याच क्षणी उमटते. आपण पडद्याकडे पाहत असल्यामुळे ते वाचावयाचे राहून जाते. परीक्षण लिहिताना आम्हीही पडद्याकडेच पाहिले. सात माणसांच्या घरात सात मते असतील तर असू द्यावीत. परंतु जो हसला नाही त्याचे मत प्रथम विचारावे. ‘सहकुटुंब पाहावा’ हे आमचे शब्द आम्ही आज मागे घेत आहो.

पुतणीविषयी तिच्या परवानगीवाचून लिहिणे युक्त नव्हते. म्हणून हा मजकूर छापखान्याकडे धाडण्यापूर्वी तिच्या हाती दिला. तिने आप्पांची पेन्सिल घेऊन तो सावकाश वाचला आणि एकच शब्द खोडून परत केला. तो शब्द ‘बिचारी’ हा होता.