घर पाडण्याआधी चार काड्या घ्या

सोलापुरात जुने बंगले पाडून अपार्टमेंट बांधायचं काम जोरात चालू आहे. पाडा बापडे, माझी काही ना नाही. पण गेटवरच्या बोगनवेलीचं काय? पुण्याला, हैदराबादला नोकरी करणारी आपली मंडळी जुन्या घराचे शे-दोनशे फोटो काढून ठेवतात आणि वेल मात्र जेसीबीच्या तोंडी देतात. वर म्हणतात, "नर्सरीत मिळते की दुसरी." मिळते ना, पण दुसरीच मिळते!

बागेतल्या बहुतेक बोगनवेलींना बी धरतच नाही. म्हणजे आजीने लावलेली वेल कुणाच्या तरी वेलीची काडी होती, ती वेलही अशाच एका काडीची. छाटकलम म्हणजे शुद्ध कॉपी-पेस्ट. काडी घेतलीत तर तुमच्या बाल्कनीत येते ती आजीचीच वेल.

हे आपल्या जिल्ह्याला नवीन आहे का? अजिबात नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधूनच लांब मण्यांची 'सोनाका' निवडली. बिनबियांचं द्राक्ष ते, काडीशिवाय पसरणार कसं? आजही बागायतदार आधी डॉगरिजच्या काड्या मुळावतात आणि मग त्यावर हवी ती जात कलम करतात. इतकं ज्ञान तासाभराच्या अंतरावर असताना आपण यूट्यूबवर मध आणि दालचिनीचे प्रयोग बघत बसतो, याची गंमत वाटते. असो.

तर कृती. जुलै-ऑगस्टमध्ये पेन्सिलीएवढी जाड, पक्व काडी घ्या. कोवळा हिरवा शेंडा नको, तो कुजतो. लांबी ६ ते ८ इंच, त्यात तीन-चार डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरका, वरचा सरळ; म्हणजे उलटी लावायची भीती नाही. पानं काढून टाका. आपली काळी माती एकटी वापरू नका, पाणी धरून ठेवते. निम्मी वाळू मिसळा. काडी अर्धी मातीत, कुंडी सावलीत, वरून प्लास्टिकची पिशवी. एप्रिल-मेमध्ये या भानगडीत पडू नका, चाळीसच्या वर पारा गेला की काडी सुकलीच म्हणून समजा.

आणि आता सगळ्यात अवघड भाग, विशेषतः आपल्या इंजिनियर जमातीसाठी: काही करायचं नाही! दोन-तीन आठवड्यांत पालवी दिसेल. ती काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते, मुळं फुटलीच असं नव्हे. "बघू तरी" म्हणून उपसलीत तर संपलं, बोगनवेलीची मुळं फार ठिसूळ असतात. दीड-दोन महिने हात लावू नका. चारऐवजी दहा काड्या लावल्यात तर उत्तम, सगळ्या जगत नाहीत.

मधुमालती आणि जुईसुद्धा काडीने येतात. तेव्हा बिल्डरला तारीख देताना मध्ये एक पावसाळा सोडा.