प्रश्न केवळ अज्ञानाचा नाही



लोकांपर्यंत खरी माहिती पोहोचत नाही म्हणून राजकीय खोटे पसरते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला पटत नाही. ‘तुरुंगातल्या भगतसिंगांना भेटायला एकही काँग्रेस नेता गेला नाही’ हेच घ्या. ऑगस्ट 1929 मध्ये नेहरूंनी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांची आणि उपोषणाने खंगलेल्या जतीन दासांची भेट घेतली होती. आत्मचरित्रात त्यांनी ती नोंदवली आहे. 2018 च्या कर्नाटक निवडणुकीत हा दावा गाजला, तेव्हा वृत्तपत्रांनी पुरावेही छापले. तरी तो मजकूर मला अजून येतो, आणि पाठवणारे चांगले शिकलेले असतात.

पुरावा दाखवला की उत्तर येते, ‘असेल, पण फाशी टळली नाहीच ना?’ तपशील खोटा ठरतो, राग शाबूत राहतो. तो मजकूर पुढे पाठवून माणूस आपण कोणाच्या बाजूचे, हे आपल्या लोकांना कळवतो. अशा वेळी चूक मान्य करणे त्याला फितुरीसारखे वाटते. चारचौघांत खोडून काढले तर तो आणखी हट्टाला पेटतो. त्याच्याच पक्षाच्या, त्याला आदर असलेल्या कुणी त्याला बाजूला घेऊन ते सांगावे. अशी माणसे प्रत्येक पक्षात आहेत, आणि त्यांचे मौन मला सर्वांत जास्त खुपते.

– एक वाचक, सातारा