गूगलवरच्या त्या दोन ओळी कोण लिहिणार?

मंडळी, आज जरा रुक्ष वाटेल अशा विषयावर लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण प्रश्न तुमच्या-माझ्या खिशाचा आहे.

गूगलवर काहीही शोधलं की निळ्या अक्षरांत पानाचं नाव येतं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी येतात. त्या वाचूनच आपण ठरवतो, इथे बोट टेकवायचं की खाली सरकायचं. या ओळींसाठी पान बनवणाऱ्याला कोडमध्ये एक जागा दिलेली असते. तिला म्हणतात मेटा डिस्क्रिप्शन. आपण साधं 'पानाचं वर्णन' म्हणू. पान उघडल्यावर हे वर्णन कुठेच दिसत नाही. त्यामुळे कंत्राटदाराने ते लिहिलंच नाही, तरी संकेतस्थळाच्या उद्घाटनाला कुणाच्या लक्षात येत नाही.

आता आपल्या गावाचं नाव आणि पुढे 'जन्म दाखला', 'घरपट्टी' किंवा 'नळ जोडणी' असं टाकून बघा. मी गेल्या काही दिवसांत आसपासच्या पालिकांसाठी हा उद्योग केला. सरकारी पानाखाली काय दिसतं? 'मुख्य मजकुराकडे जा, अ+ अ अ-, मुखपृष्ठ, आमच्याविषयी, छायाचित्र दालन'. एका ठिकाणी तर सगळ्या पानांना एकच वर्णन चिकटवलेलं होतं: अधिकृत संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे. घरपट्टीच्या पानावर सहर्ष स्वागत आणि मृत्यू दाखल्याच्या पानावरही सहर्ष स्वागत!

त्याच्याच खाली एखादं खासगी पान असतं. 'दाखला घरबसल्या मिळवा. कागदपत्रांची यादी आणि अर्ज भरण्याची पद्धत.' सांगा, बोट कुठे जाईल? यातली काही पानं प्रामाणिक असतात, चांगली माहिती देतात. पण काही ठिकाणी आधी नाव, मोबाइल, आधार क्रमांक मागतात आणि मग 'सेवा शुल्क'. पासपोर्टच्या नावाने चालणाऱ्या नकली संकेतस्थळांबद्दल तर परराष्ट्र मंत्रालयालाच लोकांना सावध करावं लागलं. अशी मंडळी त्या दोन ओळी मन लावून लिहितात, कारण त्यांचं दुकानच त्यावर चालतं. सरकारी पान मात्र मुकं उभं.

एक गैरसमज आधी दूर करतो. वर्णन छान लिहिलं म्हणून पान वरच्या क्रमांकावर येत नाही. गूगलने २००९ मध्येच सांगितलंय की क्रमवारीसाठी ते कीवर्डचा टॅगही वापरत नाहीत आणि हे वर्णनही नाही. त्यामुळे 'जन्म दाखला, जन्म प्रमाणपत्र, दाखला ऑनलाइन' असे शब्द कोंबून काही मिळत नाही. वर्णनाचं काम वेगळं आहे. दहा पानं समोर असताना माणसाला योग्य दार दाखवायचं, एवढंच. दुकानाच्या पाटीने दुकान चौकात सरकत नाही, पण आत काय मिळतं ते कळतं.

मग लिहायचं कसं? सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ. 'महसूल विभागाच्या डिजिटल सेवांतर्गत अधिकार अभिलेखविषयक सुविधा' असं लिहिलं तर शेतकऱ्याला काय कळणार? त्याऐवजी हे बघा: 'सातबारा फक्त पाहायचा असेल तर मोफत. डिजिटल स्वाक्षरीचा, कामकाजात चालणारा उतारा १५ रुपयांत. जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक हाताशी ठेवा.' पान न उघडताच कळलं की किती पैसे लागतात आणि काय सोबत हवं. यानंतर कुणी त्याच उताऱ्याचे भलतेच पैसे मागितले, तर माणूस निदान प्रश्न तरी विचारेल.

जन्म नोंदणीचंही तसंच. 'बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. उशीर झाला असेल तर काय करायचं, कोणती कागदपत्रं लागतात, अर्ज कुठे द्यायचा, ते इथे वाचा.' संपलं. यात साहेबांचं नाव नाही, 'सहर्ष' नाही, 'गतिमान' नाही.

नियम म्हणाल तर चारच. प्रत्येक पानाला स्वतःचं वर्णन. लोक जो शब्द वापरतात तो शब्द. 'मालमत्ता कर' लिहा, पण 'घरपट्टी'ही लिहा, कारण लोक तेच शोधतात. कामाची गोष्ट पहिल्याच वाक्यात, कारण पडद्याच्या रुंदीनुसार पुढचा मजकूर कापला जातो. साधारण दीडशे अक्षरांचा अंदाज धरतात, मोबाइलवर त्याहून कमी. आणि चौथा, जे पानावर नाही ते वर्णनात लिहायचं नाही. वर 'ऑनलाइन अर्ज' म्हणायचं आणि आत 'कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा', ही फसवणूकच झाली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: गूगल आपण लिहिलेलं वर्णन दाखवेलच असं नाही, बऱ्याचदा ते पानातलाच मजकूर उचलतं. बरोबर. पण पानात मजकूर असेल तर उचलेल ना! आपल्याकडे निम्मी माहिती स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, उरलेली युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, जिथे शोधयंत्राला अक्षरांऐवजी कचरा दिसतो. वर्णन रिकामं आणि पानही मुकं, मग 'अ+ अ अ-' शिवाय दाखवणार काय? आणि आता उत्तरं एआय देतं म्हणून हे सोडून द्यावं, असंही कुणी म्हणेल. त्या उत्तरालाही माहिती कुठल्या तरी पानावरूनच घ्यावी लागते. पालिकेच्या पानावर ती नसली तर दुसऱ्याच्या पानावरून येईल.

हे काही माझं एकट्याचं खूळ नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात पानाचं शीर्षक, वर्णन आणि भाषा नीट नोंदवा असं म्हटलेलं आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ सांगतं की माहिती स्वतःहून द्या, लोकांना सहज मिळेल अशा रीतीने द्या, स्थानिक भाषेचा विचार करून द्या. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदत घालून दिली. कार्यालयाबाहेर सेवा, शुल्क आणि मुदतीचा फलक लावतात तो त्यासाठीच. माझं म्हणणं इतकंच, की आज लोक कार्यालयाआधी मोबाइल उघडतात. आजचा तो फलक म्हणजे या दोन ओळी, आणि तो कोरा ठेवला की आपलं म्हातारं माणूस एजंटच्या दारात जाऊन बसतं.

खर्च किती? एखाद्या पालिकेच्या रोज लागणाऱ्या सेवा वीस-पंचवीस धरा. खिडकीवर बसणाऱ्या, लोकांचे प्रश्न तोंडपाठ असलेल्या एका कर्मचाऱ्याला दोन दिवस द्या, तो कंत्राटदारापेक्षा चांगलं लिहील. नवीन संकेतस्थळाच्या निविदेत एक अट टाका: प्रत्येक सेवेच्या पानाला मराठीत वेगळं वर्णन असल्याशिवाय बिल निघणार नाही. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की तिच्याखाली जो मजकूर दिसतो त्याचीही अशीच एक ओळ असते, तीही याच अटीत घाला.

आता तुमचं काम. आपापल्या गावाचं नाव टाकून एक सेवा शोधा, जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट खाली टाका. सोबत तुमच्या मते तिथे काय लिहायला हवं होतं, त्या दोन ओळीही लिहा. सगळं गोळा करून मी मुख्याधिकाऱ्यांना निवेदनासोबत देणार आहे. तक्रारीसोबत तयार मजकूरच हातात दिला, की 'बघू, करू' म्हणायला जागा कमी उरते.