धर्मशाळा आणि केरसुणी

परगांवीं गेलेल्या मनुष्याला देवदर्शनाइतकीच स्वच्छ न्हाणीघराची गरज असते, हें विधान कित्येक भाविकांना अप्रशस्त वाटेल. परंतु वृद्ध माणसें व लहान मुलें बरोबर घेऊन ज्यांनीं तीर्थयात्रा केली आहे, ते आमच्याशीं वाद घालणार नाहींत. एकट्या पुरुषाची रात्र ओसरीवरही निघते. कुटुंबाला मात्र न गळणारें छप्पर, हाताशीं पाणी आणि कडी लागणारें दार हीं हवींतच.

आमच्या आत्याबाईंचें वय ब्याऐंशी. गोदावरीच्या उगमाशीं तीन दिवस राहावें, पहांटे कुशावर्तावर स्नान करून त्र्यंबकेश्वराचें दर्शन घ्यावें, ही त्यांची जुनी इच्छा. म्हणून गेल्या श्रावणांत घरचीं नऊ माणसें निघालों. देऊळ जवळ पडावें यासाठीं तेथील एका भक्तनिवासांत दोन खोल्या आगाऊ पैसे भरून ठरविल्या. मोबाइलवर पाहिलेल्या छायाचित्रांत भिंती शुभ्र होत्या. प्रत्यक्षांत त्यांना ओल येऊन पोपडे सुटलेले, नळ कोरडा, फरशीवर शेवाळ, आणि शौचकूपाच्या दाराला कडीऐवजीं सुतळी! व्यवस्थापकांना विचारतां ते म्हणाले, “अहो काका, इथं लोक देवासाठीं येतात, खोलींत बसायला कोण येतं?”

मध्यरात्रीं मुलें अंग खाजवीत उठलीं. दिवा लावून पाहतों तों गादीच्या शिवणींतून ढेकूण चाललेले. स्त्रियांनीं उरलेली रात्र सामानाच्या पेट्यांवर बसून काढली. पहांटे आत्याबाईंचा पाय शेवाळावर सरला. सूनबाईंनीं वेळींच सावरलें म्हणून हाड वांचलें. एक दर्शन घेऊन आम्ही त्याच दिवशीं परतलों. गाडींत आत्याबाई एवढेंच म्हणाल्या, “आतां पुन्हां कुठलं रे येणं होतंय!”

हा दोष दारिद्र्याचा म्हणावा, तर प्रवेशद्वाराशीं देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी लखलखीत होती. आपल्याकडे दान दिलें जातें तें बांधण्यासाठीं, राखण्यासाठीं नव्हे. खोलीवर वडिलांचें नांव कोरतां येतें. झाडणाऱ्याच्या पगारावर किंवा फिनेलच्या बाटलीवर तें कोरतां येत नाहीं. हें वर्म गाडगे महाराजांना पुरतें उमगलें होतें. 1956 सालीं निधन पावलेल्या या सत्पुरुषानें पंढरपूर, नाशिक इत्यादि ठिकाणीं लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभारल्या. पण गांवांत पाऊल टाकतांच त्याच्या हातीं प्रथम खराटा दिसे.

कायदाही याविषयीं मुका नव्हता. 1867 च्या सराई कायद्यानें सराई चालविणाऱ्यावर खोल्या, ओसऱ्या, गटारें व विहिरी साफ ठेवण्याचें, भिंती व छपरें दुरुस्त राखण्याचें आणि दरपत्रक लावण्याचें बंधन घातलें होतें. कसूर झाल्यास 20 रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. आज पैसे घेऊन दिलेल्या सेवेंतील उणिवेबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. मात्र पावती व खोलीचीं छायाचित्रें जपून ठेवलेलीं असावींत. ‘देवाच्या गांवीं भांडण कशाला’ या आपल्या सौजन्यावरच अशीं निवासस्थानें निर्धास्त चालतात.

तथापि सारा दोष चालकांच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. मोरी तुंबली होती ती निर्माल्यानें, शिळ्या भातानें व केळ्यांच्या सालींनीं. आणि तीं टाकणारे यात्रेकरूच होते. घरची मोरी दोनदां घासणारीं माणसें परक्या मोरीकडे पाहत नाहींत, याला काय म्हणावें?

प्रवासास निघणाऱ्या गृहिणींना दोन सूचना. खोलींत शिरतांच सामान पलंगावर ठेवूं नये. आधीं गादीच्या शिवणी व पलंगाचे सांधे पाहावेत. तेथें काळे ठिपके दिसले, तर ढेकूण आहेत असें समजून खोली तत्काळ बदलून मागावी. हा प्राणी रक्तावांचून कित्येक महिने तग धरतो, म्हणून घरीं परततांच कपडे कढत पाण्यांत धुवावेत व पेट्या बाहेरच झाडून घ्याव्यात.

आणि वडीलधाऱ्या पुरुषांना एक विनंती. पितरांच्या स्मरणार्थ एखाद्या धर्मशाळेस देणगी देण्याचा विचार घरांत निघेल, तेव्हां पाटीवरील अक्षरें ठरविण्यापूर्वीं विश्वस्तांना दोन प्रश्न विचारावेत : येथें रोज केर कोण काढतो, आणि त्याला महिना काय मिळतो? उत्तर समाधानकारक नसेल, तर ती रक्कम त्या मनुष्याच्या वेतनासाठींच बांधून द्यावी. तिची पाटी लागणार नाहीं. पण कोणा वृद्धेची तीन दिवसांची यात्रा पुरी होईल.