मुलांचा पहिला धबधबा: आषाढातला की चैत्रातला?

लहान मुलाला धबधबा दाखवायला कधी न्यावे, असे विचारले तर महाराष्ट्रात बहुतेक जण पावसाळाच सांगतील. त्यांचे म्हणणे खरे आहे. सह्याद्रीवरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. इथले बरेचसे धबधबे दिवाळीनंतर बारीक होत जातात आणि शिमग्यापर्यंत कातळावर नुसती ओली रेघ उरते. ज्या मुलाने धुक्यात भिजत, कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज छातीत झेलला आहे, त्याचे पावसाशी जन्माचे नाते जडते. पाऊस म्हणजे केवळ तुंबलेले रस्ते आणि रखडलेल्या गाड्या, असे त्याला कधी वाटणार नाही. हा अनुभव मुलांपासून हिरावून घेऊ नका, असे सांगणारे पालक बेजबाबदार नाहीत.

मात्र ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुले होती. असे लोंढे येतात त्याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. माथ्यावर मातीचा थर पातळ, त्याखाली कातळ. जोराची सर आली की पाणी मुरत नाही, ते सगळ्या बाजूंनी एकाच घळीत उतरते. खाली ऊन पडलेले असले तरी वरचा लोंढा काही मिनिटांत येऊन थडकतो. शिवाय मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारे पाणी सहा वर्षांच्या मुलाच्या मांड्यांपर्यंत येते.

त्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धबधब्यांच्या परिसरात निर्बंध आणले. गोव्याच्या वन खात्याने तर २०२३ च्या जुलैतच अभयारण्यांमधल्या धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. ज्या अधिकाऱ्याला दर आठवड्याला बुडालेल्यांचा शोध घ्यायला माणसे पाठवावी लागतात, त्याने बंदीचा मार्ग धरला तर त्याला दोष देता येत नाही. दुसरीकडे, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी आणि भाजलेली कणसे विकणाऱ्यांची, वाटाड्या म्हणून जाणाऱ्या तरुणांची वर्षाची कमाई याच दिवसांवर असते, आणि बंदीचा भार तेच उचलतात.

या वादात वसंताचे नाव क्वचितच निघते. होळी ते अक्षय्यतृतीया या काळात पाणी कमी असते, पण सगळीकडेच ते आटत नाही. गोव्यात नेत्रावळी अभयारण्यातला सावरी धबधबा बारमाही आहे, आणि इतरत्रही कड्याखालच्या डोहात पाणी टिकून असते. पावसाळ्यात निसरड्या असणाऱ्या वाटा कोरड्या होतात आणि मूल स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेगाने चालू शकते. पळस, पांगारा फुललेले असतात, करवंदीच्या जाळ्यांत हिरवी फळे धरू लागतात. मुख्य म्हणजे पाण्यामागे दडलेला कडा उघडा पडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक दिसतात, कुठे दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, कुठे खडकातल्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक चमकतात. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेल्या रांजणखळग्यांत मूल हात घालून बघू शकते. धबधबा कसा घडला, याचे उत्तर तेव्हाच मिळते. पावसाळ्यात नुसते आश्चर्य वाटते. आश्चर्याचे मोल कमी नाही, परंतु ते थोडे मोठे झाल्यावरही वाटू शकते.

तरीही वसंत निर्धोक आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. ओलाव्याजवळच्या कड्यांवर आग्यामोहोळे लटकलेली असतात. धूर, अत्तराचा वास, फेकलेला दगड एवढ्यानेही माश्या उठतात. अकरानंतर कातळ तापतो. संथ दिसणारा डोह खोल असतो आणि त्याची खोली वरून कळत नाही. त्याहून गंभीर आक्षेप पाण्याचाच आहे. पावसाळ्यात वाहते पाणी सगळे धुऊन नेते. चैत्रात तोच डोह गुरांचे, पाखरांचे, कधी वाडीतल्या माणसांचेही पाणी असतो. तिथे साबण लावून आंघोळ करणारी, गाणी लावणारी गर्दी लोटली, तर पावसाळ्यात होत नाही ते नुकसान उन्हाळ्यात होईल. पाणवठे एकांतात राहू द्यावेत, हे जंगलाची काळजी असलेल्यांचे म्हणणे आम्हाला पटते.

ते मान्य करूनही आमचा कौल वसंताच्या बाजूने आहे, निदान दहा वर्षांखालच्या मुलांसाठी. मधमाश्या, ऊन, खोल डोह आणि गर्दी या चारही गोष्टी माणसाच्या वागण्याने टाळता येतात. सकाळी लवकर निघावे, गावातला माणूस बरोबर घ्यावा, पोहणे नको, आणि चार-पाच जणांहून जास्त नकोत. पावसाळ्यातला लोंढा मात्र कितीही सावध असलेल्या बापालाही आधी दिसत नाही. वाटाड्याला मार्चमध्ये काम मिळाले तर जुलैतल्या बंदीचा फटकाही थोडा सोसवेल, पण पूर्ण भरपाई होईल असा दावा आम्ही करत नाही.

प्रशासनानेही वर्षभराचा विचार करावा. जूनमध्ये बंदीचे आदेश निघतात. तसेच उन्हाळ्यासाठी डोहाची खोली सांगणारा फलक, मोहोळांची सूचना आणि एका दिवशी किती माणसांनी जायचे याची मर्यादा हवी, आणि ही मर्यादा ग्रामसभेला विचारून ठरवावी. कारण उन्हाळ्यात त्या डोहात किती पाणी उरते, हे वाडीतल्या बायकांना पक्के ठाऊक असते.